कार्डात जास्त फोटो मावावेत म्हणून

फोटो स्टुडिओच्या काउंटरवर बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत. लोक फोटो घेऊन जातात, किस्सा आमच्याकडेच राहतो. येरवड्यात आमच्या सुहासदादांच्या स्टुडिओत मी बरीच वर्षं काउंटर सांभाळला. रोल जाऊन छोटे डिजिटल कॅमेरे आले, तेव्हाचे हे दिवस.

एक गृहस्थ पर्वतीवरून काढलेला फोटो घेऊन आले. त्यात कुठेतरी त्यांची सोसायटी होती. म्हणाले, "झूम करून आमच्या गॅलरीतलं माणूस दाखवा. सिनेमात दाखवतात की."

सुहासदादा मान वर न करता म्हणाले, "सिनेमात झाडाभोवती गाणीपण म्हणतात."

धायरीच्या एक बाई मुलाच्या वाढदिवसाचा फोटो घेऊन आल्या. केकसमोर मुलाचे डोळे मिटलेले. "कॉम्प्युटर आहे ना तुमच्याकडे? डोळे उघडून द्या."

"आधी घरी जाऊन त्याला उठवा," दादा म्हणाले. बाई हसल्या, म्हणून बरं.

कांबळेकाका मात्र आमचे नेहमीचे. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. खराडीला आयटीत असलेल्या मुलाने त्यांना कॅमेरा घेऊन दिला होता. काकांनी त्यात फोटोची सगळ्यात लहान साइज लावून ठेवली होती. मी कारण विचारलं.

"अहो ताई, मोठी ठेवली तर कार्डात थोडेच मावतात. लहान ठेवली की अख्खी कार्ल्याची लेणी बसते."

दादांनी एकदा समजावलं, "काका, पुढे फोटो मोठा करायचा झाला तर फुटेल."

काकांनी कॅमेऱ्याचा इवलासा स्क्रीन पुढे धरला. "हे बघा. कुठे फुटलाय?"

शांताकाकू सोबत असायच्या. लेणीच्या फोटोंत त्या कडेला उभ्या, कारण काका म्हणायचे, "सरक जरा, खांब पूर्ण येऊ दे." एकदा काउंटरवरच त्या म्हणाल्या, "खांब झाले असतील तर माझा एकटीचा एक काढा. हॉलमध्ये लावायला."

"काढू गं. कार्डात जागा होऊ दे."

त्याच वर्षी काकू गेल्या. काका कार्ड घेऊन आले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ठेवायला काकूंचा मोठा फोटो हवा होता. लग्नातला होता, पण त्यातली मुलगी नातवंडांनी ओळखली नसती. मग लेणीच्या फोटोतला, खांबाशेजारचा काकूंचा चेहरा दादा मोठा करत गेले. डोळ्यांचे चौकोन झाले, मग हसण्याचेही.

काका कॉम्प्युटरच्या स्क्रीनजवळ वाकले. "कॅमेऱ्यात तर स्वच्छ दिसत होती," एवढंच म्हणाले.

जमेल तेवढं मऊ करून दादांनी फोटो छापला आणि फ्रेम स्वतः नेऊन दिली.

पुण्यानुमोदनाला मीही गेले. वंदना झाल्यावर एकेक जण फूल वाहायला फोटोजवळ जात होता आणि तिथेच जरा घोटाळत होता. माझंही तसंच झालं.

काका दाराशी उभे होते. मला हाताने बोलावून म्हणाले, "ताई, जवळून नका बघू. इथे या. इथून ती दिसते."