हात न लावता भाजलेला पाव

पाव भाजायचं यंत्र घरात घ्यावं का, असं ओळखीतल्या बायका मला विचारतात, कारण आमच्या मळवलीच्या घरात ते आहे. सरळ सांगते. यीस्ट संपलं की लोणावळ्याला फेरा. मध्येच लाइट गेली की अर्धवट मळलेला गोळा आंबत पडतो. नुसत्या गव्हाच्या पिठाचा केला तर वीट होते. पाच माणसांत एक पाव न्याहारीलाच संपतो. पण आमच्या घरात प्रश्न हा नव्हता.

यंत्र बंगल्यातून आलं. रुळापलीकडचा तो बंगला आईनं वर्षानुवर्षं सांभाळला. झाडलोट, बाग, पाहुणे यायचे असले की गाद्या उन्हात घालणं. सगळ्या घरावर तिचा हात फिरायचा, फक्त स्वयंपाकघरात नाही. आत येऊ नको, असं कुणी तिला म्हटलं नव्हतं. म्हणावं लागत नाही, तेच तर! आम्ही बौद्ध आहोत हे गावाला जसं माहीत, तसं बंगल्यालाही.

बंगल्याच्या बाई म्हाताऱ्या, एकट्या, कायम धुतलेल्या सुती साडीत, बोलायला गोड. त्यांच्या स्वयंपाकाला वेगळी बाई यायची. तिनं काम सोडलं तेव्हा आई समोरच उभी होती, हातात झाडू. तिला कुणी विचारलं नाही. यंत्र आलं.

“याला कुणाचा हात लागत नाही,” बाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या. पाहुणे म्हणायचे, “वा, किती स्वच्छ!” शाळा सुटल्यावर मी आईजवळ मागच्या दारी असायचे, तेव्हा हे कितीदा ऐकलंय. यंत्र वाजलं की आईनं हातातलं टाकून दाराशी यायचं. बाई पाव कापायच्या आणि खालचा तुकडा, ज्याला यंत्राच्या पात्यानं भोक पडतं तो, कागदावर ठेवून बाहेर द्यायच्या. आई तो उभ्यानंच खायची. अर्धा मला.

बाई गेल्या. त्यांच्या मुलांनी बंगला विकला आणि आईला सांगितलं, “मावशी, हे तुम्हीच वापरा.” आईनं ते डोक्यावरून घरी आणलं.

मी तेव्हा घरकामगार बायकांच्या संघटनेची पत्रकं कामशेतच्या बाजारात वाटत होते. “आत्ताच्या आत्ता फेकून दे,” मी म्हटलं.

वहिनी लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या धुलाईत कामाला आहे, सकाळची लोकल पकडते. ती म्हणाली, “वन्सं, तुमच्या पत्रकानं डबा भरतो होय? आईंची बोटं बघा आधी.”

बोटं बघितली. सांधे सुजलेले, भाकरी थापताना आई ओठ चावायची. भाकरी तिचीच, दुसऱ्या कुणाची या घरात चालत नाही असा तिचा तोरा. तो तोरा आता बोटांतून गळत होता. मी ओट्यावर यंत्राला जागा केली.

वहिनीनं झोपताना यंत्र लावून ठेवलं. पहाटे ते वाजलं. आई अंथरुणातून उठली, डोक्यावर पदर घेतला, खोली ओलांडली आणि आमच्या स्वयंपाकघराच्या पडद्याबाहेर थांबली. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, उंबरा नाही, जुन्या साडीचा पडदा आहे फक्त. ती तिथं उभी, हात पदराखाली. वहिनीनं आत पाव कापला. ताटली बाहेर आली तेव्हा आईनं न बघता भोकाचा तुकडा उचलला.

दुसऱ्या पहाटे तेच. तिसऱ्याही.

“पणजोबांनी धर्म बदलला तो कशासाठी?” मी ओरडले. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, त्या फोटोसमोर ओरडले. “आपल्याच घरात बाहेर उभी राहतेस?”

“म्या कुटं ऱ्हाते,” आई म्हणाली. “पाय थांबत्यात.”

जत्रेत उभी राहून भूतबाधा खोटी आहे असं सांगणारी मी. पण यंत्र वाजायचं आणि घरात कुणीतरी आल्यासारखं व्हायचं. धुतलेल्या सुती साडीचा वास यायचा, आमच्यातलं कुणी तशी साडी नेसत नाही. वाजायच्या आधीच मला जाग येऊ लागली. अंधारात मळण्याची घरघर ऐकत पडून राहायचे. आणि एका पहाटे पाहिलं तर मी पडद्याबाहेर आईच्या शेजारी उभी. कधी उठले, आठवत नाही.

त्याच सकाळी यंत्र पोत्यात घातलं, भंगारवाल्याला द्यायला.

वहिनी भडकली. “द्या! आणि उद्यापासून डबा तुमी करा, वन्सं. भाकरीचा नकाशा चालंल आमाला.”

आईनं पोतं सोडलं. यंत्र परत ओट्यावर ठेवलं, मैदा, पाणी, यीस्ट घातलं, वहिनीला म्हणाली, “नुसतं मळायचं बटन कंचं, ते दाव. मळू दे ह्याला. भाजायचं म्या बघंन.”

यंत्र मळून थांबलं, वाजलं. आई तेव्हा ओट्यापाशीच होती, तरी दोन पावलं मागं सरली, पार पडद्यापर्यंत. मी काही बोलणार, तोवर ती परत आली. झाकण उघडून तिनं दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले. गोळा चिकटला. तिनं तो हळूच दाबून पाहिला.

“लय मऊ आसतंय गं,” ती म्हणाली. “मला ठावंच नव्हतं.”

मग बोटं न दुखवता, तळव्यानं दाबत तिनं तळहाताएवढ्या जाड चानक्या केल्या, तव्यावर झाकण ठेवून भाजल्या. कुठल्याच चानकीला भोक नव्हतं. वहिनीनं गरम असतानाच एक तोंडात कोंबली, “चटणी द्या की, आई,” म्हणाली आणि स्टेशनकडे पळाली.

तेव्हा विचारणाऱ्या बायकांना मी सांगते, मळण्यापुरतं ठेवा, हात दुखत असतील तर. बाकी तवा आहेच.

आजही ते वाजतं. आई उठते, पडद्यापाशी येते, थांबते. आत कुणी नसतं. मग ती पदर खोचते, पडदा सारते आणि जाते. तेवढ्यात ती कुणाची वाट बघते, मी विचारलेलं नाही. मीही अंथरुणात श्वास धरून असते.