विहिरीत पळणाऱ्या इंदूअक्का

इंदूअक्का विहिरीत पळायच्या. पिंपळनेरच्या शिवारात आमच्या मळ्याला लागूनच त्यांचा मळा. सकाळी ऊन कठड्यावरून आत उतरू लागलं की अक्काही पायऱ्या उतरायच्या. अंगात सुनेचा जुना पंजाबी ड्रेस, कमरेला तरंगत ठेवणारा फोमचा जाड पट्टा. पाणी इतकं खोल की पाय तळाला टेकायचेच नाहीत. खांद्यापर्यंत पाण्यात उभ्याने त्या पळायच्या. गुडघे उचलत, कोपरं मागे ओढत. फक्त पुढे जायच्या नाहीत. हिरव्या पाण्यात त्यांचे पाय झोपेत असल्यासारखे सावकाश हलताना दिसत. वर सुनंदावहिनी, त्यांची सून, अक्कांच्या कमरेला बांधलेला दोर धरून बसलेली असे.

शाळेत असताना अक्का शर्यतीत पहिल्या यायच्या. लग्न झालं आणि पळणं राहिलं ते राहिलंच. नातवंडं मोठी झाल्यावर त्या पहाटे साक्री रस्त्याने पळू लागल्या, तर गुडघे सुजले. धुळ्याच्या फिजिओथेरपीवाल्या मुलीने खोल पाण्यात पळायला सांगितलं. गावात पोहण्याचा तलाव नव्हता, घरची विहीर होती. लोक हसले, तर त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "गुडघा म्हातारा व्हयनात, मी नही!"

मी तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होते. डांबरी रस्त्यावर पळून पळून नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. डॉक्टरांनी पळणं बंद केलं. भरती तोंडावर आलेली. घरात स्थळांची बोलणी सुरू झाली, आणि मी ओट्यावर पाय पसरून नुसती रडत बसले. अक्का आल्या, शेजारी टेकल्या.

"डॉक्टरनी जमिनीवर पयानं बंद करं ना? जमीन पायले मारस. पाणी नही मारत."

डॉक्टरांना विचारलं. ते हो म्हणाले. पण तसाच पट्टा बांधून विहिरीच्या पाण्यात उतरल्यावर पाय तळ शोधू लागले, मी पायऱ्यांकडे झेपावले.

"खाले तय शोधू नको, माय," अक्का शांतपणे म्हणाल्या. "जठे शे तठेच पय."

हळूहळू जमलं. रोज आम्ही दोघी समोरासमोर पळायचो. वर आभाळाचा गोल तुकडा, भिंतीवर पाण्याच्या उजेडाची थरथर. दम लागायचा, मांड्या भरून यायच्या. पण नडगी दुखायची नाही. कधी अक्का डोळे मिटून पळत म्हणायच्या, "आते मी शाळाना मैदानवर शे."

चीर भरली. धुळ्याच्या मैदानावर मी धावले आणि निवडले गेले. वर्दी घालून आले तेव्हा अक्कांनी पट्ट्याच्या बक्कलवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हाऊ पट्टा भारी शे!"

गेल्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. धुळ्याहून रजा काढून मी गेले. त्या मला ओळखत नव्हत्या. डोळे मिटलेले, श्वास संथ. चादरीखाली मात्र पाय एकामागून एक हलत होते, अगदी सावकाश.

"दुपारपासून असंच चाललंय," सुनंदावहिनी रडवेल्या होऊन म्हणाल्या. "दमतील हो. पाय धरून ठेवू का?"

"नको, वहिनी," मी म्हणाले. "पळू द्या त्यांना."