लिंकसरांचा उलटा चंद्र

विज्ञानाच्या सरांना शाळेत सगळे लिंकसर म्हणत, आणि त्यांना तो मानच वाटे. सकाळी दात घासता घासता ते शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर लिंका सोडायचे. हृदय कसं चालतं, लोखंड का गंजतं, गांडुळाला डोळे असतात का. स्वतः मात्र एकही उघडायचे नाहीत. बायको विचारायची, "अहो, तुम्ही तरी वाचलंत का हे?" तर म्हणायचे, वाचायला मुलं आहेत की. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय हे त्यांना कित्येक महिने आठवत नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

यंदा पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती. खुर्चीच्या वासाने सरांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी सातवीला प्रकल्प दिला, महिनाभर चंद्र बघा आणि त्याची चित्रं काढा. स्वतः आभाळाकडे बघायचं कशाला? एका परदेशी संकेतस्थळावरचा रंगीत तक्ता छापून घेतला आणि एकेक चित्र त्याच्याशी ताडून पाहिलं. तक्त्यात वाढता चंद्र डावीकडून उजळत होता, मुलांच्या चित्रांत उजवीकडून. सरांनी अख्ख्या वर्गाला शून्य दिलं, वर सगळ्यांनी एकमेकांचं उतरवलं असा शेराही मारला. एक मुलगी धीर करून म्हणाली की आम्ही गच्चीवरून बघितलाय. तिला उपदेश मिळाला, आधी वाचायला शिक. कोणी कोणाला सांगावं!

पालक बिथरले, प्रकरण मोठ्या बाईंकडे गेलं. पर्यवेक्षक त्याच नेमणार होत्या. सर इस्त्रीचा शर्ट घालून, तक्त्याची गुंडाळी काखेत मारून गेले. कॉपी पकडल्याची शाबासकी मिळणार, अशी त्यांची समजूत.

दुपार कलली होती. खिडकीतून समोरच्या पाण्याच्या टाकीवर अर्धा चंद्र फिकट दिसत होता. उजवीकडून उजळलेला. बाईंनी तक्ता उलगडून काचेशेजारी धरला.

"सर, आता ह्यालाही शून्य द्या."

सर घाम पुसत पुटपुटले की हल्ली इंटरनेटवर लोक काहीही टाकतात.

बाईंनी चष्मा चढवला आणि तक्त्याच्या शीर्षकाखालची ओळ मोठ्याने वाचली, 'विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील शाळांसाठी.' मग म्हणाल्या, "त्यांच्याकडे तो असाच दिसतो, आणि त्यांनी तसं लिहूनही ठेवलंय. वाचणाराच आपल्याकडे नव्हता."

त्याच टेबलावर बसवून बाईंनी त्यांच्याकडून एकूण एक शून्य खोडून घेतलं. पर्यवेक्षकपद चित्रकलेच्या बाईंना गेलं. त्या निदान बघून काढतात.

देवाने दिवा आभाळात टांगलाय, तो सगळ्यांना फुकट दिसतो. पण त्या संध्याकाळी सर घरी निघाले ते मान मोबाइलात खुपसून. चंद्र कसा बघावा, यावर एखादी चांगली लिंक मिळते का, ते शोधत होते. उद्या सकाळी ग्रुपवर टाकायला.