शिक्का काकांचा

इस्पितळाच्या संगणक विभागात तिला सगळे शिक्केवाली म्हणत, आणि हे नाव तिनं आपल्याच करणीनं ओढवून घेतलं होतं. मुख्य संगणक सुरू होताना सगळ्यात आधी कोण काय करतं याची नोंद ठेवणारा पहारा उभा राहिला पाहिजे, बाकीची कामं मग, हा हट्ट तिचाच. पहारा बसला की जो कोणी आपल्या नावानं आत शिरेल, त्याच्यावर शिक्का. पुढे त्यानं आत काहीही सुरू केलं तरी त्या कामावर त्याचाच शिक्का. तो नंतर कुणालाही पुसता येणार नाही, तिला स्वतःलासुद्धा, अशी व्यवस्था तिनं मोठ्या तोऱ्यात करून ठेवली होती. आता भोगा म्हणावं.

झालं असं, की जुने एक्स-रे पुसून जागा मोकळी करणारा एक प्रोग्राम अडकला. एरवी तो यंत्राबरोबर आपोआप सुरू होई, तेव्हा त्याच्यावर कुणाचाच शिक्का नसे. त्या दिवशी ती सासऱ्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसली होती. ऑपरेटरकाकांचा फोन आला तशी म्हणाली, "हातानं सुरू करा हो काका, त्यात काय एवढं." काकांनी आपल्या नावानं आत शिरून तो सुरू केला. पुढच्या आठवड्यात त्या मेल्या प्रोग्रामनं तारखा चुकीच्या वाचल्या आणि ताजे एक्स-रे सफाचट केले. नोंदीत प्रत्येक पुसलेल्या एक्स-रेपुढे काकांचं नाव. काका तेव्हा घरी जेवत होते. विभागाचे साहेब म्हणाले, घरूनही करता येतं.

काकांना घरी बसवलं. शुक्रवारी चौकशी समिती त्यांना नोकरीवरून काढणार होती.

"साहेब, शिक्का काकांचा आहे, पण पुसलं प्रोग्रामनं," ती म्हणाली.

"म्हणजे तुमचा शिक्का खोटा?"

"खोटा नाही."

"मग खरा?"

"खरा, पण काकांनी तो फक्त सुरू केला, तोही मी सांगितलं म्हणून."

"सुरू केला ना? झालं तर मग."

पालथ्या घड्यावर पाणी. तिनं तीच गोष्ट चित्र काढून सांगितली, उदाहरणं देऊन सांगितली. साहेब मान डोलवायचे आणि शेवटी पुन्हा "पण नाव तर त्यांचंच आहे" वर येऊन बसायचे. शिक्का पुसून टाकावा तर तीही सोय तिनं शिल्लक ठेवली नव्हती. घरी नवरा म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी."

"चोर नाहीच आहे त्यात," ती खेकसली. "तेच तर कुणाच्या टाळक्यात शिरत नाहीये."

गुरुवारी तिनं सरळ स्वतःच्या नावानं आत शिरून तो प्रोग्राम हातानं सुरू केला. त्याआधी बाकीचे एक्स-रे त्याच्या वाटेतून हलवले होते आणि पुढ्यात फक्त आपल्या गुडघ्याचा एक्स-रे ठेवला होता. मग साहेबांच्या खोलीत जाऊन समोर बसली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"काय काम?" साहेब म्हणाले.

"काही नाही. माझ्या हातांकडे बघत बसा."

साहेबांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तरी बघत बसले. चहा आला, निवला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता तुमच्या पडद्यावर नोंद उघडा." गुडघा गेला होता, आणि पुढे तिचं नाव होतं. साहेबांनी ते नाव वाचलं, तिच्या हातांकडे पाहिलं, परत नाव वाचलं. "मग शुक्रवारी मलाही काढा," ती म्हणाली. साहेबांनी समितीचा कागद पुढे ओढला आणि काकांच्या नावावर रेघ मारली.

सोमवारी काका परत आले. सगळ्यांशी हसून बोलले, तिच्याशीही. तिला वाटलं, सुटलो एकदाचे. मग एका दुपारी दुसराच कुठला तरी प्रोग्राम अडकला आणि ती सवयीनं म्हणून गेली, "काका, जरा सुरू करता का?"

काका उठले. खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"तुम्हीच करा, मॅडम. तुमच्या नावानं."

तिला त्यांचा राग आला, मग स्वतःचा आला. ती खुर्चीत बसली आणि आपलं नाव टाइप केलं. काका खिडकीजवळ उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून.