न मोजणाऱ्या बाई

पिलाटेज व्यायामाच्या वर्गात बाई आकडे मोजत नसत. पूर्वी त्या एका जिममध्ये शिकवायच्या. तिथल्या उस्तादांच्या "अजून एक! अजून एक!" पायी त्यांचा खांदा कायमचा कामातून गेला. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं: धाक घातला की शरीर राबतं, शिकत नाही. म्हणून नव्या माणसाला त्या आधी नुसतं गादीवर आडवं करायच्या आणि श्वास कुठे अडतोय ते बघायच्या.

बाईंच्या थोरल्या जावेला हे थोतांड वाटे. "झोपून राहायला शिकवणी कशाला लागते गं?" पण कंबरेनं हैराण केलं तशी तीच वर्गात येऊ लागली. गादीवर पडून पडून कंटाळली. एका सकाळी बाईंची पाठ वळलेली बघून ती सरकत्या फळीच्या यंत्रावर चढली, होत्या नव्हत्या तेवढ्या स्प्रिंगा लावल्या आणि पायांनी फळी रेटली.

फळी खाडकन मागे आदळली.

"पाय... डावा पाय आहे का नाही तेच कळेना!" जाऊ ओरडली.

सगळ्या धावल्या. "उठवा तिला, पाणी द्या!"

"कोणी हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "ॲम्ब्युलन्स बोलवा."

खाली गाडीत थांबलेले थोरले दीर जिना चढून धापा टाकत आले. "बाजूला हो. मी नेतो तिला."

"नाही, भाऊजी."

"बायको आहे माझी!"

"उचलताना पाठ वाकली तर? ॲम्ब्युलन्सवाल्यांना येऊ द्या."

घरात त्यांच्यापुढे कधी आवाज न चढवलेल्या बाई वाट अडवून उभ्या राहिल्या. दीर मुठी आवळून दाराशी गेले. बाईंनी गुडघे टेकून जावेचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"ताई, श्वास लांब सोडा."

"लंगडी होणार का गं मी?"

"माहीत नाही मला."

जाऊ त्यांच्याकडे बघत राहिली. "तुझाच श्वास अडकलाय की."

खरंच अडकला होता. मग दोघींनी मिळून सोडला. जिन्यात स्ट्रेचरची खडखड ऐकू येईपर्यंत तेवढंच चाललं होतं.

मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं. पाय हळूहळू सुधारला, अंगठा मात्र बधिरच राहिला. दिरांनी बाईंशी बोलणं टाकलं. बाईंचा नवरा म्हणे, "दादाला समजावू की तुला?" बाईंना वेगळंच खात होतं. झोपा, असं आपण सांगितलं. का, ते कुठे सांगितलं? हाही धाकच झाला की.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर जाऊ जिन्याचा कठडा धरून वर्गात आली. दीर गाडीतच बसले, काच वर करून.

जाऊ गादीवर आडवी झाली. "आता सांग, हे कशासाठी?"

बाई शेजारी बसल्या आणि सांगू लागल्या. तो तास सगळा बोलण्यातच गेला.