मेपलचा ड्रमसेट

दत्तूमामांनी दुकानातल्या नव्या, मेपल लाकडाच्या ड्रमसेटवर काठी मारली आणि कान जरा कलता केला. सातवीत शाळा सुटल्यावर या परक्या बंगळुरात त्यांनीच मला ऑर्केस्ट्रात वाजवायला बसवलं. आज दोन घास खातो ते त्यांच्यामुळे. जुन्या सेटचा आवाज बसला, अशी त्यांची वर्षभर कुरकुर चालली होती, तेव्हा नवा बघायला आलो.

"हाही बसकाच रे! मेपल मेपल नुसतं नावाला. तुला कसा वाटतो?"

आवाज भरीव होता. काठी उचलल्यावरही लाकूड क्षणभर गुणगुणत होतं. दुकानदारानं मागून दोनदा "सर" म्हटलं, मामा वळले नाहीत. म्हणजे जुन्या सेटचंही काही बिघडलं नव्हतं.

ड्रमचा आवाज उतरला तर चावीनं पान ताणून चढवता येतो. कानाला कुठली चावी लावायची? आणि ज्यानं आपल्याला ऐकायला शिकवलं, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"बोल की मर्दा!" मामा माझ्या ओठांकडे बघत होते.

"बसकाच आहे, मामा," मी मोठ्यानं म्हणालो.

"बघ, तयार झाला तुझा कान!" माझ्या पाठीवर थाप मारून ते खुशीत उठले, आणि आम्ही दुसऱ्या दुकानाकडे निघालो.