अर्धी नाळ

जोगेश्वरी देवीकडे मूल मागायचं मी सोडलं होतं. खरं सांगायचं तर रुसून सोडलं होतं. पोटात राहिलेलं दोनदा टिकलं नाही, आणि काम असं की प्रसूतिगृहात जाऊन नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या नाळा मागायच्या. नाळेतल्या रक्तवाहिनीच्या पेशी आम्ही प्रयोगशाळेत वाढवतो. या पेशींवर रिसेप्टर असतात, रक्तातून येणारे निरोप ओळखणारे. रिसेप्टर बनवायचा हुकूम जनुकाकडून आरएनएच्या रूपात निघतो. पण काही प्रथिनं त्या आरएनएला चिकटतात आणि तो जपायचा, अडवून ठेवायचा की मोडून टाकायचा हे ठरवतात. कधी हुकूम सुटूनही रिसेप्टर बनत नाही. ते बघताना मी मनात म्हणायची, ‘माझ्या बाबतीत कोण आडवं आलंय गं बाई?’

एकदा शनिवार पेठेतल्या प्रसूतिगृहात बाळंतिणीने होकार दिला, पण तिच्या सासूबाई नको म्हणाल्या. “अहो मॅडम, आमच्यात नाळ पुरतात. फेकायची चीज नाही ती.” आमच्याकडेही पुरतातच. मी “काही हरकत नाही” म्हणून उठले, पण पाळण्याकडे बघायचं नाही हा माझा नेम नेमका तेव्हा मोडला. सासूबाईंनी ते पाहिलं.

“तुम्हाला किती लेकरं, बेटा?”

या प्रश्नासाठी मी एक खास खवचट उत्तर तयार ठेवलेलं असतं. ते आलंच नाही. “एकही नाही,” म्हटलं आणि रडू फुटलं.

त्यांनी समजूत घातली नाही. बाळ उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. आमच्या नात्यातल्या बारशांना मला पाळण्यापासून जरा लांबच बसवतात, अगदी सभ्यपणे. आणि इथे या अनोळखी आजी म्हणाल्या, “दुआ द्या त्याला.” मी देवीवर रुसलेली, आणि कुणी माझ्याकडेच मागत होतं! मी डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी देवीशी बोलले. त्या बोलण्यात स्वतःसाठी मागायचं राहूनच गेलं.

मग आजी सिस्टरना म्हणाल्या, “अर्धी आम्ही पुरू, अर्धी यांना द्या.”

त्या नाळेतल्या पेशी छान वाढल्या. प्रयोग अजून चालू आहे. मूल नाही. ओढही तशीच आहे; बारशाचं बोलावणं आलं की आत तुटतं. पण देवळात उभी राहिले की आधी त्या बाळाला आयुष्य मागते, आणि मागताना जीव कळवळतो. तेवढं आईपण देवीने त्या आजींच्या हातून माझ्या पदरात घातलं. ते थोडं आहे म्हणून रुसून मी आता परत करत नाही.